पांढरीच्या मातीतला इतिहास : डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षे एकाच ठिकाणी माणसे राहिली, चुली पेटल्या, राख साचली, मातीची घरे पडली आणि त्यांच्यावरच नवी घरे उभी राहिली, की तेथली माती राखट व पांढुरकी होते आणि ती जागा भोवतालच्या शिवाराहून उंच होत जाते. गाव उठून गेले तरी पांढरीचे टेकाड मागे राहते. नदीकाठच्या गावांतून असे एखादे टेकाड आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शेतकरी तेथली माती गाड्या भरून शेतात नेतो, कोणी ती धाब्याच्या घरावर टाकतो. त्या मातीत खापरे निघतात, मणी निघतात, क्वचित एखादे हाड निघते. पोरे खापराच्या चकत्या करून खेळतात आणि विषय तेथेच संपतो.

त्या खापराकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहण्यास ज्यांनी महाराष्ट्राला शिकविले, त्यांत डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ज्या माणसांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांनाही इतिहास असतो आणि तो मातीतून वाचता येतो, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर कष्ट करून सिद्ध केली.

शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राचा इतिहास आपण बहुधा सातवाहनांपासून वाचतो. पैठणची राजधानी, नाणेघाटातील शिलालेख, भाजे-कार्ले येथील लेणी येथून आपली गोष्ट सुरू होते. त्याच्या आधी काय होते, असे विचारले तर दंडकारण्य होते असे उत्तर मिळते. घनदाट अरण्य, त्यात तुरळक आश्रम आणि राक्षसांची वस्ती, हेच चित्र आपल्या मनात असते. शंभर वर्षांपूर्वीच्या विद्वानांचे चित्रही याहून फारसे वेगळे नव्हते. लेख नाहीत, नाणी नाहीत, ग्रंथांत उल्लेख नाहीत. मग इतिहास लिहायचा तरी कशाच्या आधारे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. सांकलियांचे सारे संशोधन हे या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेले हे मूल इतके अशक्त होते की ते जगेल अशी आशा घरच्यांना नव्हती. पुढे याच मुलाने साबरमती, नर्मदा, गोदावरी, प्रवरा यांचे काठ उन्हातान्हात पायी धुंडाळले, हे लक्षात घेतले म्हणजे शरीराच्या बळापेक्षा ध्यासाचे बळ किती मोठे असते हे कळून येते. वयाच्या पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथाचा गुजराती अनुवाद त्यांच्या हाती पडला. त्यातील फारसे काही त्यांना कळले नाही. तथापि आर्य कोण, ते कोठून आले, आपल्या देशाची सुरुवात कशी झाली, हे प्रश्न मात्र मनात रुतून बसले. टिळकांसारखे व्हावयाचे म्हणून संस्कृत आणि गणित हे विषय घेण्याचे त्यांनी ठरविले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांना फादर हेरास यांच्यासारखे गुरू लाभले. स्पेनमधून आलेले हे जेझुइट पंथीय धर्मगुरू भारतीय इतिहासाचे व्यासंगी अभ्यासक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सांकलियांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला आणि तो १९३४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. येथवरचा त्यांचा मार्ग ग्रंथालयातून जाणारा होता. संस्कृत व पाली ग्रंथ, चिनी प्रवाशांची वर्णने, शिलालेख आणि ताम्रपट ही त्यांची साधने होती. याच वाटेने ते पुढे गेले असते तर एक नामवंत संस्कृतज्ञ म्हणून त्यांची गणना झाली असती. परंतु उच्च शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तेथे त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले.

गुजरातचे पुरातत्त्व हा त्यांच्या लंडन विद्यापीठातील पीएच.डी.चा विषय होता. याच काळात इंग्लंडच्या दक्षिण भागात डॉर्सेट येथे मेडन कॅसल या प्राचीन डोंगरी किल्ल्याचे उत्खनन मॉर्टिमर व्हीलर करीत होते. हेच व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली सांकलियांनी प्रत्यक्ष खोदकामाचे शिक्षण घेतले. उत्खनन म्हणजे मौल्यवान वस्तू शोधून काढणे नव्हे, हा तेथे मिळालेला पहिला धडा होता. दुसरा धडा होता थरांचा.

थरांचे हे तत्त्व आपल्या ग्रामीण वाचकास सहज समजण्यासारखे आहे. विहीर खणताना वर काळी माती लागते, मग मुरूम, मग खडक लागतो. जे खाली ते आधीचे आणि जे वर ते नंतरचे. पांढरीच्या टेकाडातही असेच थर असतात. फरक एवढाच की तेथे प्रत्येक थर म्हणजे माणसांची एक पिढी किंवा अनेक पिढ्या असतात. पण हे वाचन वाटते तितके सोपे नाही. नंतरच्या काळातील एखाद्याने धान्यासाठी पेव खणले, तर त्या पेवातून नवी वस्तू जुन्या थराच्या पातळीला जाऊन पडते. उंदीर-घुशींची बिळेही तोच घोटाळा करतात. म्हणून कोणती वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर आणि कशाच्या सोबतीने मिळाली याची काटेकोर नोंद ठेवावी लागते. नोंद नसलेली वस्तू ही नुसती वस्तू असते. नोंद असलेले फुटके खापर मात्र इतिहासाचा पुरावा ठरते.

इंग्लंडमधून परतल्यावर १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. हे जुने महाविद्यालय सरकारने १९३४ मध्ये बंद केले होते. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी न्यायालयीन लढा दिला आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. त्याच वेळी डॉ. इरावती कर्वे याही तेथे आल्या. संस्था नवी, पैसा तुटपुंजा आणि उत्खननाची साधने जवळजवळ नाहीत, अशी परिस्थिती होती. सांकलियांनी जे हाताशी होते त्यापासून सुरुवात केली. पुण्याच्या आसपासची देवळे, भोसरीजवळील महापाषाणीय शिळा यांची त्यांनी पाहणी केली आणि विद्यार्थ्यांनाही पायी हिंडावयास लावले.

पुढची मोठी संधी १९४१ मध्ये आली. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने घातला होता. ३० मे १८६३ रोजी चेन्नईजवळ पल्लावरम येथे त्याला दगडी हत्यार सापडले आणि या देशात अश्मयुगीन मानव राहत होता हे प्रथमच निश्चित झाले. त्याच फूटने पुढे बडोदे संस्थानासाठी पाहणी करताना साबरमतीच्या खोऱ्यातही हत्यारे शोधली होती. मधल्या पन्नास वर्षांत तिकडे फारसे कोणी फिरकले नव्हते. पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख काशीनाथ नारायण दीक्षित यांच्या प्रोत्साहनाने सांकलियांनी गुजरातची प्रागैतिहासिक मोहीम हाती घेतली. या मोहिमेत मेहसाणा भागातील लांघणज येथे वाळूच्या टेकाडात नखाएवढी बारीक दगडी पाती आणि त्यांच्या जोडीला मानवी सांगाडे मिळाले. हातपाय दुमडून पुरलेले हे सांगाडे म्हणजे शिकारीवर जगणाऱ्या माणसांचे अवशेष होते. इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ या नात्याने या कामात सहभागी झाल्या. तेथे गेंड्याचे खांद्याचे हाडही मिळाले. आजच्या रुक्ष उत्तर गुजरातेत एके काळी गेंडा वावरत होता, हे एका हाडाने सांगितले.

येथे थोडे थांबून मानवाच्या वाटचालीचा एकंदर आराखडा पाहणे इष्ट होईल. मानवाचे पूर्वज आफ्रिकेत साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी इतर वानरांपासून वेगळे होऊ लागले. ते आधी दोन पायांवर चालू लागले आणि मेंदू पुष्कळ नंतर वाढला. इथिओपियात १९७४ साली सापडलेली 'लूसी' ही सुमारे बत्तीस लाख वर्षांपूर्वीची आहे. ती उभी चालत होती, पण तिचा मेंदू लहानच होता. दगड फोडून धार काढण्याची कला आफ्रिकेत तीस लाख वर्षांच्या आसपास सुरू झाली. पुढे इरेक्टस जातीचा मानव आफ्रिकेबाहेर पडून आशियात पसरला. आपल्या जातीचा मानव सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतच उदयास आला आणि नंतर जगभर गेला. या अफाट काळाच्या मानाने शेती ही अगदी कालची गोष्ट होय. पश्चिम आशियात ती सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. आपल्या उपखंडात बलुचिस्तानातील मेहरगढ येथे तिचे नऊ हजार वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत. दख्खनमध्ये स्थिर शेतीची गावे दिसतात ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून.

या आराखड्यात महाराष्ट्राची जागा कोठे, हे सांकलिया कामाला लागले तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात अश्मयुगीन मानव राहिलाच नसावा, असेही मानले जात असे. सांकलियांनी नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी शोधल्या. त्यांचा हा अभ्यास १९५२ साली प्रसिद्ध झाला. पुढे प्रवरेच्या काठी नेवासे येथे त्यांना दगडी हत्यारांचे दोन वेगळे संच वेगवेगळ्या थरांत मिळाले. खालच्या थरात काळ्या दगडाच्या जड हातकुऱ्हाडी होत्या. वरच्या थरात गारगोटीच्या जातीच्या रंगीत दगडांची लहान हत्यारे होती. तासण्या, टोके, भोके पाडण्याच्या आऱ्या असे त्यांचे प्रकार होते. म्हणजे जड हातकुऱ्हाड आणि नखाएवढे पाते या दोहोंच्या मधली एक अवस्था होती आणि तिला स्वतंत्र स्थान होते. मध्य पुराश्मयुग या नावाने आज जी अवस्था भारतभर ओळखली जाते, तिचा थरांच्या आधाराने झालेला हा महत्त्वाचा उलगडा होता. पुढे १९६६ ते १९६९ या काळात जर्मन विदुषी गुडरून कॉर्विनस यांनी नेवाशाजवळच चिरकी येथे उत्खनन करून हातकुऱ्हाडी बनविणाऱ्या मानवाचे मोठे वसतिस्थान उजेडात आणले.

सातवाहनांच्या आधी काय, हा प्रश्न मात्र अजून बाकी होता. १९४५-४६ मध्ये सांकलियांनी डॉ. मो. गं. दीक्षित यांच्यासमवेत कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडाचे उत्खनन केले, ते सातवाहन काळापर्यंत पोहोचले. १९५०-५१ साली डॉ. शां. भा. देव यांच्यासह त्यांनी नाशिकची मातीची गढी आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे ही दोन ठिकाणे खणली. जोर्वे हे प्रवरेच्या काठचे लहानसे खेडे. तेथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि लाल-नारिंगी रंगावर काळी नक्षी काढलेली, वाजवली असता खणखणीत नाद देणारी मातीची भांडी मिळाली. तोटीची झारी हा त्यांतील खास प्रकार. लोखंडाचा मात्र पत्ता नव्हता. ही भांडी वापरणारे लोक सातवाहनांच्या कितीतरी आधीचे होते. आज या संस्कृतीला सर्वत्र जोर्वे संस्कृती असेच म्हणतात. एका आडबाजूच्या खेड्याचे नाव अशा रीतीने जगाच्या पुरातत्त्वशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

१९५४ ते १९५६ या काळात नेवाशाचे मोठे उत्खनन झाले. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये जेथे गीतेवर निरूपण केले, तेच हे नेवासे. आपण त्या गावाकडे सातशे वर्षांच्या अंतरावरून हात जोडतो. सांकलियांनी तेथील लाडमोड टेकडीत खाली उतरत जाऊन दाखविले की मराठा व मुसलमानी काळाच्या खाली सातवाहनांची वस्ती आहे, तिच्या खाली तांबे व दगड वापरणाऱ्या शेतकऱ्यांची आहे आणि नदीच्या थरांत त्याहूनही लाखो वर्षे मागचा अश्मयुगीन मानव आहे. इतिहासातून प्रागितिहासाकडे नेणारी अशी सलग वाट एकाच ठिकाणी फार क्वचित मिळते. या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला.

नेवाशाच्या शेतकऱ्यांनी आपली लहान मुले गेल्यावर त्यांना घरापासून दूर नेले नाही. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत मुलाचे शव ठेवीत आणि घराच्या जमिनीतच ती पुरीत. सोबत लहान भांडी ठेवीत. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्यात ओवलेल्या धाग्याचा अंशही तीन हजार वर्षांनंतर टिकून राहिला होता. या लोकांचे नाव आपल्याला कळत नाही, भाषा कळत नाही. पण ज्या आईने ती माळ घातली असेल तिचे मन कळण्यासाठी भाषेची गरज पडत नाही.

याच सुमारास नर्मदेच्या काठी महेश्वरसमोरील नावडातोली येथे बडोदे विद्यापीठाच्या सहकार्याने काम चालले होते. तेथे जळालेल्या घरांच्या अवशेषांत गहू, मसूर, उडीद, मूग, वाटाणा, जवस यांचे दाणे कोळसा होऊन राहिले होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या ताटात काय वाढले जात होते, हे त्यामुळे समजले. जळलेले लाकूड व धान्य यांचा आणखी एक उपयोग होता. त्यांतील किरणोत्सर्गी कार्बन मोजून काळ ठरविण्याची पद्धत तेव्हा नुकतीच आली होती. सांकलियांनी नमुने परदेशी प्रयोगशाळांकडे आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे पाठवून काळनिश्चिती करून घेतली. अंदाजावर अवलंबून राहणाऱ्या विषयाला यामुळे आकड्यांचा भक्कम आधार मिळाला. या पद्धतीने जोर्वे संस्कृतीचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पूर्व १४०० ते ७०० असा ठरला आहे.

या साऱ्या कामाचा कळस म्हणजे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठचे इनामगाव. १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी आणि सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली हे काम चालले. पूर्वी टेकाडात एखादा खोल खड्डा घेऊन थरांचा क्रम पाहत असत. इनामगावला विस्तृत जागा उघडण्यात आली, त्यामुळे गावच्या गाव नजरेसमोर आले. १३० हून अधिक घरे मिळाली. कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, अंगणात चूल, धान्याची पेवे असे त्यांचे रूप होते. जव हे मुख्य पीक होते. नदीचे पाणी वळविण्यासाठी पाट आणि बांध घातलेला होता. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. ते गावच्या मुख्याचे असावे असे संशोधकांनी मानले. मातीच्या लहान पेटीत ठेवलेली बिनडोक्याची देवी आणि तिच्याबरोबरचा बैलही सापडला. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडण्याची चाल होती. मेलेल्याने उठून निघून जाऊ नये, ही त्यामागील समजूत असावी.

इनामगावची गोष्ट सुखान्त नाही. इ. स. पूर्व १००० नंतर पाऊसमान कमी होत गेले, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली आणि शेळ्यामेंढ्या व शिकार यांवरचा भार वाढला. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले. एक वर्ष पाऊस नाही आला तर काय होते, हे खारपाणपट्ट्यातील वाचकाला सांगावयास नको. पाटपाणी करणारे, कोठारात धान्य राखणारे ते पहिले शेतकरी आपल्याइतकेच शहाणे होते. निसर्गापुढे त्यांचा हात टेकला, एवढेच. इतिहास फक्त राजांच्या लढायांनी घडतो असे मानणाऱ्यांनी इनामगावचा अहवाल जरूर पाहावा. तो १९८८ मध्ये, सांकलियांच्या हयातीतच प्रसिद्ध झाला.

गुरू म्हणूनही सांकलियांचे कार्य मोठे आहे. सुब्बाराव, देव, अन्सारी, ढवळीकर, वि. ना. मिश्र, पद्दय्या अशी विद्यार्थ्यांची व सहकाऱ्यांची मोठी फळी त्यांच्याभोवती तयार झाली आणि देशभर पसरली. पुरातत्त्व हे एकट्याचे शास्त्र नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. नदीचे थर वाचण्यास भूवैज्ञानिक, हाडे ओळखण्यास प्राणिशास्त्रज्ञ, दाणे ओळखण्यास वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मातीसाठी रसायनशास्त्रज्ञ हवा, असा त्यांचा आग्रह असे. ज्या काळात कला आणि विज्ञान या शाखा एकमेकींची तोंडे पाहत नसत, त्या काळात त्यांनी त्यांना एकाच खड्ड्यात उतरविले.

नजर तर अखेरपर्यंत शाबूत होती. १९६९ साली काश्मीरमध्ये पहलगाम येथे लिद्दर नदीच्या काठी त्यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. काश्मीरच्या थंड खोऱ्यात अश्मयुगीन मानव पोहोचला होता याचा तो महत्त्वाचा पुरावा होता. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

त्यांची सर्वच मते टिकली असे नाही. नावडातोलीच्या तोटीच्या भांड्यांचे इराणमधील भांड्यांशी साम्य पाहून त्यांनी तिकडच्या संबंधाचा तर्क मांडला होता. पुढील संशोधकांनी या संस्कृतींची मुळे बहुतांशी येथेच शोधली. रामायणातील लंका मध्य भारतात असावी, असे त्यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले आणि त्यावर मोठा वाद झाला. वादाला ते भ्याले नाहीत. श्रद्धेचा अनादर करावा असाही त्यांचा हेतू नव्हता. जे म्हणावयाचे ते पुराव्यावर म्हणावे आणि नवा पुरावा आला की जुने मत सोडण्याची तयारी ठेवावी, ही त्यांची शिस्त होती. ज्या मुलाने आर्यांचा शोध घ्यावा म्हणून संस्कृत घेतले, त्याने उतारवयात सर्वांत भरघोस काम केले ते ज्यांना कोणतेच नाव चिकटविता येत नाही अशा माणसांवर, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

भारत व पाकिस्तानच्या प्रागितिहासावरील त्यांचा ग्रंथ १९७४ मध्ये सुधारून पुन्हा निघाला आणि अनेक वर्षे या विषयाचा आधारग्रंथ ठरला. डॉ. म. श्री. माटे यांच्यासमवेत त्यांनी 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हे पुस्तक मराठीत दिले. १९७३ साली ते निवृत्त झाले आणि १९७४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. 'बॉर्न फॉर आर्किऑलॉजी' हे त्यांचे आत्मचरित्र १९७८ चे. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जन्माने गुजराती असलेल्या या माणसाने आयुष्याची पन्नास वर्षे महाराष्ट्राच्या मातीला दिली.

त्यांच्या मागे हे शास्त्र पुढेच गेले आहे. १९८२ साली नर्मदेच्या काठी हथनोरा येथे प्राचीन मानवाच्या कवटीचा जीवाश्म मिळाला होता. २०११ साली तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील हातकुऱ्हाडी सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या असल्याचे जाहीर झाले. या आकड्याशेजारी आपल्या जिल्ह्यातील लोणार ठेवून पाहावे. लोणारचे विवर उल्कापाताने झाले आणि २०१० च्या सुमारास झालेल्या काळमापनानुसार ती घटना सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे ती उल्का कोसळली तेव्हा या देशात हातकुऱ्हाड वापरणारी माणसे वावरत होती. लोणार पाहताना आपण देवळे पाहतो, पाणी पाहतो. हा हिशेब मात्र सहसा कोणी करीत नाही.

विदर्भातही त्यांच्या परंपरेतील काम झाले. डॉ. देव नागपूर विद्यापीठात आले आणि त्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी अशी स्थळे उत्खनित केली. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने १९८४-८५ मध्ये अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे खोदकाम केले. तेव्हा तांबे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती पश्चिम विदर्भापर्यंत पोहोचल्याचे दिसून आले. २००२ पासून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पूर्णेच्या काठी उत्खनन केले आणि भाजक्या विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप व मोठी वस्ती उजेडात आणली. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते. पाणी हवेच आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु पाणी येण्याआधी जे वाचता येईल ते वाचून घेतले पाहिजे, कारण हे पुस्तक पुन्हा छापले जात नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत. उत्खनन करणे हे आपले काम नव्हे. परवानगीशिवाय खणणे हा गुन्हाही आहे आणि पुराव्याचा नाशही आहे. पण पाहणे आणि नोंदविणे हे आपल्या हातात आहे. सुटीत गावी गेल्यावर गावाबाहेरचे टेकाड कोठे आहे, त्याला लोक काय म्हणतात, नांगराला किंवा नाल्याच्या काठाला रंगीत खापरे लागतात काय, हे वहीत टिपून ठेवावे. वस्तू उचलून घरी आणू नये. ती जेथे आहे तेथेच तिला अर्थ आहे. काही विशेष आढळल्यास इतिहास विभागातील प्राध्यापकांना सांगावे, ते पुरातत्त्व खात्याला कळवू शकतात. सांकलियांच्या कामाची सुरुवातही अशा पायी हिंडण्यानेच झाली होती. जोर्व्याचे नाव जगाला माहीत होण्याआधी ते एक साधे खेडेच होते. पूर्णेच्या आणि पैनगंगेच्या काठची किती गावे अशी वाट पाहत आहेत, हे आपण पाहिल्याशिवाय कळणार नाही. दरम्यान पांढरीची माती दर उन्हाळ्यात गाड्या भरभरून जात आहे आणि प्रत्येक गाडीबरोबर न वाचलेले एक पान कमी होत आहे.